पाहुण्याचा हात

आई, ताईच्या उजव्या हाताची सूज आता उतरणार नाही. मंगळवारी परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. काखेत गाठी परत आल्यात, त्यांनी वाट अडवलीय, त्यामुळे हातात साठलेलं पाणी वर चढणार कुठून? औषध बदलून बघतील. पण 'बरं होईल' असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही ते त्यांच्याकडून वदवून घेतलं नाही. वर्तमानपत्रात तीस वर्षं काढल्यावर माणूस काय बोलला नाही तेही ऐकू येतं.

तुला यातलं काहीच माहीत नाही. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ताईला स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या. पुढे हात सुजायला लागला, बांगड्या चढेनात, ब्लाउजची बाही उसवावी लागली. तेव्हा इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या मुलीने आम्हाला समोर बसवून सांगितलं की रोज मालिश करावी लागेल. ताई हसलीच. "आमच्या आईने अख्ख्या दादरच्या बाळंतिणी आणि पोरं चोळलीत. आम्हाला काय शिकवतेस?" ती मुलगी म्हणाली, "मावशी, हे ते चोळणं नाही. तेल नाही, जोर नाही. नुसती कातडी सरकवायची. आणि सुरुवात हातापासून नाही, मानेपासून. आधी पुढची जागा मोकळी केली की मागचं पाणी पुढे येतं." मग तिने मला करून दाखवायला लावलं. मी ताईच्या गळ्याशी, हाडाच्या वर बोटं ठेवली. ती म्हणाली, "तुमचा हात छान आहे. असाच ठेवा."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघींना एकदमच काळाचौकीची खोली आठवली. सकाळची तीन घरं करून तू आली आहेस. अंगाला शेपा-ओव्याच्या धुरीचा वास. ओट्याखाली पाय पसरून बसतेस आणि दोन्ही हात दोन बाजूंना पुढे करतेस, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. दिवसभर दुसऱ्यांची अंगं रगडणाऱ्या बाईचे हात दाबायला घरी आम्हीच. ताई अंगठे रोवून दाबते, तू डोळे मिटतेस. माझ्या बाजूचा डोळा मात्र लगेच उघडतो. "तुझो हात म्हणजे पावण्याचो हात गो. येता, बसता, नि च्या-पाणी न घेताच जाता." ताई म्हणते, "तिला अभ्यासाला बसव आई. तिचा हात पण मीच दाबते." मी रागाने उठून गॅलरीत जाते. त्यानंतर तू कधी माझ्याकडे हात पुढे केला नाहीस. तुझ्या दृष्टीने तो विषय संपला होता, माझ्या दृष्टीने तो इस्पितळातल्या त्या खोलीत संपला, ताई हळूच म्हणाली तेव्हा, "ऐकलंस आई? पाहुणी पास झाली."

दोन वर्षं मी ऑफिसला जाण्याआधी रोज तिच्याकडे गेले. मान, मग डावीकडची चांगली काख, मग छाती, खांदा, आणि सगळ्यात शेवटी हात. मग पट्टी गुंडाळायची. शनिवारी शिंप्याची टेप घेऊन मनगट आणि कोपर मोजायचं. सूज उतरत होती. एकदा तर तिने साबण लावून एक बांगडी चढवली आणि दिवसभर हात नाचवत फिरली.

मग गेली दिवाळी आली. पहिल्या आंघोळीच्या पहाटे मी गेले तर तिने वाटीत तेल कोमट करून ठेवलं होतं. "आज तरी आईसारखं चोळ गं. दोन वर्षं नुसती कुरवाळतेयस. मला काय मांजर समजलीस?" मी नको म्हणाले. ती म्हणाली, "सणाच्या दिवशी तरी." मी तेल घेतलं आणि अंगठे रोवले, मनगटापासून वर, तू करायचीस तसे. ती डोळे मिटून म्हणाली, "हां. अश्शी." इतक्या वर्षांनी माझ्या हाताला मिळालेली ती शाबासकी मला आवडली, हे तुला सांगायला हवं. मी थांबले नाही.

भाऊबीजेला हात लाल झाला, तापला, तिला हुडहुडी भरली. इस्पितळात ठेवावं लागलं. फिजिओथेरपीच्या त्या मुलीने विचारलं, "कुणी जोरात चोळलं का?" मी फाइल धरून उभी होते. ताई म्हणाली, "छे गं, बसमध्ये दांड्यावर आपटला." त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. ताप गेला, जंतुसंसर्ग गेला, सूज मात्र राहिली आणि वाढत गेली. मग तपासण्या झाल्या, आणि हा मंगळवार आला.

मंगळवारी माझ्या वहीत एक प्रश्न लिहिलेला होता: मी चोळल्यामुळे हे झालं का? मालिशने कर्करोग पसरत नाही, असं मी स्वतः डॉक्टरांच्या हवाल्याने छापलंय. त्या 'नाही'च म्हणाल्या असत्या. तरी मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर रागवायला मला माझा हातसुद्धा उरला नसता.

आता बोटं बधिर होतील, मग कप धरता येणार नाही, असं त्यांनी सांगितलंय. सोमवारी इस्पितळात नव्या प्रकारची पट्टी बांधून देणार आहेत. हलकी मालिश चालू ठेवा, बरं वाटेल तेवढंच, असंही म्हणाल्या. उद्या सकाळी ताई स्टुलावर बसेल आणि मी मानेपासून सुरुवात करीन. ती विचारील, "जोर का नाही लावत आता? आता काय बिघडणारे?" मागच्या दोन दिवसांत तिने दोनदा विचारलंय. मी दोन्ही वेळा घड्याळ बघितलं आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणाले.