वैद्यबाई आणि पान चौऱ्याऐंशी

११ नोव्हेंबर, मंगळवार
आले: श्रेयांसच्या खेळाच्या नियमपुस्तकाचे शुद्धिपत्र, पाने चार, टपालासह साठ रुपये. चुका प्रकाशकाच्या, पैसे आमचे!

दर रविवारी तीनला आमची दोघं, श्रेयांस आणि विधी, अन् शेजारचा रोनक फासे घेऊन बसतात. श्रेयांस गोष्ट सांगतो, बाकीच्यांचं एकेक पात्र. पैसे लावत नाहीत म्हणून मी चालू दिलं. कोण जगलं, कोण मेलं, ती वही माझ्याकडे.

परवा विधीची वैद्यबाई मेली. पिशवीत औषध होतं. पण गोष्टीत रात्र होती, आणि मी स्वयंपाकघरातून बोलून गेले, "सूर्यास्तानंतर आपल्यात काही घेत नाहीत." एरवी विधी ऐकत नाही. तेव्हा ऐकलं.

पान ८४: मेलेलं पात्र महिनाभरात उठवता येतं. शुद्धिपत्र म्हणतं — 'महिनाभरात'ऐवजी 'दिवसभरात' वाचावे.

१२ नोव्हेंबर
श्रेयांस म्हणे, शुद्धिपत्रात छापलं ते छापलं. हे दुकानातून जेवायला आले, ताटावरच निकाल दिला. "सौदा रविवारचा, तर भाव रविवारचा."
रोनक म्हणाला, "काका, प्रकाशक काय डाळीचा व्यापारी आहे?"
"नाही ना. म्हणून चुकतो."
विधी पत्रिकांवर पत्ते लिहीत राहिली. मला मात्र बाई जिवंत हवी. सत्तावीसला विधीचं लग्न, सासर धुळ्याचं. धुळ्याहून रविवारी फोनवर खेळायचं ठरलंय — पात्रच नसेल तर फोन कशाला करेल?

१३ नोव्हेंबर
पोस्टातून दोन कार्डं आणली. एकावर प्रकाशकाला विचारलं, शुद्धिपत्र कोणत्या तारखेपासून लागू? सामायिकात, ध्यानाला बसले तरी डोळ्यांपुढे पान ८४. चुकलं, मिच्छामि दुक्कडं.

२३ नोव्हेंबर, रविवार
उत्तर नाही. वही पुढे केली — मृत्यू नऊचा, कागद अकराचा. श्रेयांस म्हणे, "मम्मी, मारलंस तूच, आता वकिलीही तूच करतेस." पण हरला. वैद्यबाई उठली! विधी म्हणाली, "कशाला एवढं," आणि ब्लाउज घालून बघायला गेली.

३० नोव्हेंबर, रविवार
तीन वाजले. चार वाजले. फोन नाही. म्हटलं नियम तरी बघू. पान ८४ मध्ये विधीची चिठ्ठी.
"मम्मी, तुझ्या बोलण्यामुळे नाही, औषध मी मुद्दाम घेतलं नाही. तिकडे रविवारी सगळे घरी असतात, फोन घेऊन बसवणार नाही. तुम्ही वाट बघत बसाल. त्यापेक्षा वैद्यबाई मेलेली बरी."

उरलेलं कार्ड घेतलं.
चि. विधीस जय जिनेंद्र. शुद्धिपत्र: 'रविवारी'ऐवजी 'कोणत्याही वारी' वाचावे. तुला कोणता जमतो, उलट टपाली कळव.