बांगड्यांच्या कढईत शिसं

मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून तापलंय. आज वर्गात जड धातू शिकवले. पुस्तक त्यांची घनता बघतं, डॉक्टर त्यांचं विष बघतात, मुलांच्या मेंदूला बाधतं म्हणतात. घरी येते तर नवरा जाळ्याला लावायचं शिसं वितळवून साच्यात ओतत होता. कशात वितळवलं? माझ्या बांगडे तळायच्या कढईत!

मी ओरडले, तर म्हणतो, "अगो, जड आसा म्हणानच जाळ्याक लावतत. मगे राखेन घासून ठेवतंय."

राखेने? शिसं? रिकामी कढई परसात भिरकावली.

"दरवर्षी हेच्यातच वितळवतंय. काय झाला कोणाक?"

दरवर्षी! त्याच कढईतले बांगडे धाकटीच्या पानात. आणि पाढे विसरते म्हणून मी ओरडते तिच्यावर.