फ्रेंच भुताचे पाय

ती. आयेस दौलतचा लालबागहून वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

गिरणीचा संप अजून मिटला नाही. सध्या माटुंग्याला एका फिल्म क्लबात खुर्च्या मांडतो. काल तिथे फ्रान्सचा भुताचा सिनेमा होता. धुक्यात बुडालेली हवेली, सामानावर पांढऱ्या चादरी. एक बाई मेणबत्ती घेऊन खोल्याखोल्यांतून फिरते, जणू पाण्यावरून चाललीय. लोक घाबरले. मी तू शिकवल्याप्रमाणे तिचे पाय बघायला टपलो. झगा जमिनीला टेकलेला, पण जिना चढताना दिसले. सरळ होते. मग निर्धास्त बसलो.

शेवटी कळलं, ती केव्हाच मेलेली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून रोज दिवेलागणीला घर आवरत फिरायची.

मला गिरणीतलं आमचं खातं आठवलं. कापड विणायच्या साच्यांवरही आता त्या चादरींसारखी पांढरी धूळ बसली असेल. भोंगा वाजत नाही, तरी मी रोज सकाळी डबा घेऊन गेटापर्यंत जाऊन येतो.

काल परतताना रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबून मी माझे पाय बघितले. सरळच आहेत, आये. काळजी करू नको.

तुझा,
दौलत