आटे झिजलेलं बटण

ता. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. आणि वहिनींनाही तितकाच मोठा नमस्कार, नाहीतर मागच्यासारखी तक्रार येईल.

सोबतच्या काडेपेटीत कापसात गुंडाळून बटण पाठवलंय. तिसरंही गेलं. कॅमेऱ्याच्या खटक्यावर फिरवून बसवलं की छान बसल्यासारखं वाटतं, आणि जरा हात हलला की टपकन खाली. परवा जिन्यात पडलं तर दोन मजले त्याच्यामागे उतरले. खाली घरमालकीणबाई दारातच होत्या. काय हरवलं म्हणून त्यांनी विचारलं. बटण म्हटल्यावर त्या माझ्या कुडत्याकडे बघायला लागल्या.

आट्यांभोवती शिवणाचा दोरा गुंडाळून पाहिला, दोन दिवस टिकला. नेलपॉलिशचा हात दिला तर बटण आतच जाईना. आता तूच बघ. आटे माझे नव्हे, बटणाचे ढिले झालेत, हे तू म्हणायच्या आधी मीच सांगून टाकते. या वेळी पितळेचं नको, पोलादाचं कर, म्हणजे तुला पुन्हा त्रास नाही.

संग्रहालयात काम भरपूर. सध्या मातीच्या मडक्यांची पाळी आहे. एकेकाचे चारी बाजूंनी चार फोटो, शिवाय तळाचा. एकाच्या तळावर घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा सापडला. साहेबांनी तो नोंदीत घालायला सांगितला.

गुडघे जपून राहा. बटणाच्या निमित्तानं का होईना, माझी आठवण असू दे.
तुझी,
ठकू


ता. १७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ. तुझ्या वयाला आता आशीर्वाद कमी आणि कॅल्शियमच्या गोळ्या जास्त लागतात असं तुझी वहिनी म्हणते. दोन्ही घे.

नवीन बटण पाठवतोय. पितळेचंच आहे. दोन धातू एकमेकांत फिरले की कुणीतरी झिजणारच. पोलादाचं केलं तर ते कॅमेऱ्याचे आटे खाईल. इतक्या वर्षांच्या कॅमेऱ्याला आता कोण नवे आटे पाडून देणार? म्हणून झिजायचं ते बटणानं झिजावं. मी मुद्दाम मऊ धातू घेतो. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर घालवली त्यातलं एवढं शहाणपण शिल्लक आहे.

पण एक विचारतो. तुला करून दिलेलं पहिलं बटण दहा वर्षं टिकलं. माथा गुळगुळीत होऊन बोट घसरतं म्हणून तू परत पाठवलंस, ते अजून माझ्या खणात आहे. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात दुसरं गेलं आणि तिसरंही गेलं. खातेस की काय? जुनं अजून नीट पाहिलेलं नाही. एक दिवस चांगल्या उजेडात भिंगाखाली घेईन.

मागच्या खोलीत लेथ चालू झाला की वहिनी दार लावून घेते. पण या वेळी लावलं नाही. कुणाचं काम आहे म्हणून आत येऊन विचारून गेली.

पोच कळव. नुसती पोच नको, चार ओळी जास्त लिही.
तुझा,
दादा


ता. २९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला लाज वाटेल की मला, ते ठरव. चौथंही सैल झालं. पाचच आठवडे! काडेपेटीत आहे.

इकडे सगळं ठीक. मडकी संपली, आता तांब्याची भांडी आलीत. त्यांचा फोटो काढणं म्हणजे ताप, सगळ्या खोलीचं प्रतिबिंब भांड्यात दिसतं, त्यात मीही. साहेबांनी परवा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. रविवार तेवढा अंगावर येतो. सकाळी केस धुतले, वाळले, विंचरले, तरी अकराच वाजले होते.

वहिनींच्या पाठीचं काय झालं? मागे एका पत्रात तू शेकायचं औषध आणल्याचं लिहिलं होतंस, पुढे काहीच नाही. नुसतं बटण पाठवू नकोस, तेही कळव. दोघांची माया आहे, ती आटू देऊ नका.
ठकू


ता. ७ एप्रिल

चि. ठकूस,
अ. आ.

वहिनीची पाठ बरी आहे. बाकीचं लिहावं की नाही याचा चार दिवस विचार केला.

तिसरं बटण भिंगाखाली घेतलं, आणि शेजारी खणातलं पहिलं ठेवलं. बटणाचा माथा कातताना मी त्यावर बारीक गोल रेघा सोडतो, म्हणजे बोट घसरत नाही. पहिल्या बटणावरच्या त्या रेघा पार पुसून गेल्यात. मधोमध तुझ्या बोटाचा खळगा पडलाय आणि तो आरशासारखा चमकतो. आटे मात्र जवळजवळ नव्यासारखे. बरोबरच आहे. बटण एकदा बसवलं की महिनोन्‌महिने तिथेच असतं, आणि बोट वरून दाबत राहतं.

तिसऱ्याचं नेमकं उलटं आहे. माथ्यावरच्या रेघा माझ्या लेथवरून उतरल्या तशाच आहेत. कडेची खरखर बोटांनी गुळगुळीत झालीय, आणि आटे पार गेलेत. दाबून आटे जात नाहीत. ते फिरवून जातात, आणि इतके जायचे तर दिवसाला शेकडो वेळा फिरवावं लागतं. चौथ्याबद्दल काही लिहीत नाही.

ठकू, तू फोटो काढत नाहीस. कामाचं काय झालं?

रागावलीस तरी पत्र पाठव.
दादा


ता. १२ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

बटण दुरुस्तीला पाठवलं होतं, चौकशीला नव्हे. नवीन करू नकोस.
ठकू


ता. २० मे

प्रिय वन्सं यांना,
स. न. वि. वि. माझं अक्षर तुम्ही बऱ्याच वर्षांनी बघताय. आजवर यांच्या पत्राखाली दोन ओळी खरडून माझं भागत होतं.

तुमचं ते दोन ओळींचं पत्र आल्यापासून यांनी लेथवर कापड टाकून ठेवलंय. टपाल यायच्या वेळी फाटकापाशी झाडांना पाणी घालतात. झाडं दोन आहेत आणि दोन्ही कुजायला लागलीत. परवा म्हणाले की मुकाट्यानं बटण करून द्यायला हवं होतं, फार हुशारी दाखवली. मी म्हटलं, हुशारी नव्हती, काळजी होती, पण तुमची काळजी मापं घेऊन येते.

आता माझा गुन्हा कबूल करते. मी संग्रहालयात फोन केला. घरून नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून. तुमचं नाव सांगितलं. पलीकडचा माणूस बिचारा चांगला होता. म्हणाला, "त्या बाई आता इथे नसतात. दीड वर्ष झालं."

यांना मी काहीही सांगितलेलं नाही. ते सांगणं तुमचं आहे. पण मला पोटात गोष्ट ठेवायची सवय नाही, आणि जेवताना हे माझ्याकडे बघायला लागले की घास अडकतो. तेव्हा लवकर लिहा. जे असेल ते लिहा. आम्ही दोघं काही एवढे नाजूक नाही.

माझ्यावर राग धरायचा तर धरा, पण तो पत्रात लिहून धरा.
तुमची,
वहिनी


ता. २८ मे

ती. दादास आणि वहिनींना,
सा. न. वि. वि. दोघांना एकच पत्र लिहिते, म्हणजे वहिनींचा घास अडकायला नको.

दीड वर्षापूर्वी आमचा फोटो विभाग बंद झाला. एक यंत्र आलं. मडकं त्यात ठेवलं की ते स्वतःच फिरतं आणि फोटो थेट संगणकावर जातात. साहेब वाईट नव्हते. कॅमेरा भंगारात जायचा होता, तो त्यांनी मला घरी नेऊ दिला. सत्तावीस वर्षं माझ्या गळ्यात होता, पण माझा झाला तो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सवयीनं पावणेनऊला डबा भरून खाली उतरले. घरमालकीणबाईंनी निघालात का विचारलं, मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर रोज हो म्हणावं लागतं. वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एक टेबल आहे. तिथे साडेपाचपर्यंत बसते. डबा जिन्यात खाते. समोर पुस्तक असतं, मांडीवर कॅमेरा. त्यात रोल नसतो. टेबलाखाली हात आपोआप बटण फिरवत राहतो, साडेतीन फेरे आत, साडेतीन फेरे बाहेर. एकदा मोजायला बसले, बाराशेनंतर सोडून दिलं. तिथे बोलायला मनाई आहे. कुणी आपल्याशी बोलत नाही याचं तिथे वाईट वाटत नाही, म्हणून ती जागा धरली.

मडकी खोटी नव्हती दादा. अंगठ्याचा ठसाही खरा होता. फक्त तो सहा वर्षांपूर्वी सापडला होता. साहेबांनी कौतुक केलं ते मात्र कधीच केलं नाही.

तुला कळलं असतं तर तू इकडे ये म्हणाला असतास आणि मी आले असते. लेथशेजारी माझी खाट पडली असती. तुम्ही दोघांनी मला काही कमी पडू दिलं नसतं, आणि मी दिवसभर काहीतरी कामाला येतेय का ते बघत बसले असते.

आणखी एक आहे. बटण झिजलं की मला पत्र लिहिता यायचं. बटण परत यायचं तेव्हा तुझं पत्र यायचं. दुसऱ्या कुणाचं येत नाही. चौथं बटण तू फार चांगलं केलं होतंस, महिना उलटला तरी हलेना. मग मी नखांची कानस घेतली आणि आट्यांवर घासली. वाचनालयातल्या त्याच टेबलापाशी बसून चांगला अर्धा तास घासत होते.

हे वाचून काय वाटेल ते वाटू दे, पण पत्र टाकू नका.
ठकू


ता. ५ जून

चि. ठकूस,
अ. आ.

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. मधेच थांबली आणि आत गेली, मग उरलेलं मी वाचलं.

कानशीचे ओरखडे मला तेव्हाच दिसले होते. कारखान्यात मी पोरांना कानस धरायला शिकवली, मला दिसणार नाहीत? तुझे सगळे ओरखडे एकाच बाजूला होते, आणि शेवटचे घाईचे. बहुतेक कुणीतरी टेबलापाशी आलं असावं. ते मी लिहिलं नाही. जे लिहिलं तेही जरा वेगळं लिहायला हवं होतं.

इकडे ये असं म्हणत नाही. जिभेवर आहे, पण म्हणत नाही. तुला एवढंच सांगतो की निवृत्त झाल्यापासून मला काम सांगणारी तू एकटीच होतीस. बटण तयार झालं की दोन दिवस खिशात घालून हिंडायचो, मग टपालात टाकायचो.

आता बटण करणार नाही. त्याच्याशिवायही खटका चालतो, बोटाला जरा टोचेल. एक रोल घाल आणि काहीही टिपून ये. तसं जमलं नाही तर नको. पण जमलं नाही हेसुद्धा मला कळलं पाहिजे.

वहिनीनं कॅल्शियमच्या गोळ्यांचं विचारलंय.
तुझा,
दादा


ता. १९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोमवारी पावणेनऊला डबा न घेता खाली उतरले आणि घरमालकीणबाईंना सांगितलं की माझी नोकरी गेली, जाऊन दीड वर्ष झालं. रात्रभर तयारी केली होती, पुढे काय काय सांगायचं त्याची. त्यांनी एवढंच विचारलं की म्हणजे तुम्ही आता दहा वाजता घरी असाल का, मीटर बघणारा माणूस येतो आणि मला दवाखान्यात जायचंय. मी असेन म्हटलं. तयारी सगळी वाया गेली.

रोल मिळायला तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानदारानं खालच्या कपाटातून काढून, फुंकर मारून दिला. वाचनालयातलं ते टेबल टिपावं म्हणून गेले, तर ग्रंथपालांनी परवानगी दिली नाही. मग मीटरवाल्याचा काढला. त्यानं आधी केसांवरून हात फिरवला. खटका खरंच टोचतो. वीस फोटो झाले, त्यातले पाच-सहा बरे असतील. बाकी अजून हात बसायचाय. एका शाळेत प्रयोगशाळेतली भांडी मांडायला, नोंदी ठेवायला बाई हव्या आहेत असं कळलं, तिथे जाऊन आले. पुढच्या आठवड्यात कळवतील. नाही म्हणतील असं वाटतं.

पण घरी बसण्याची सवय नाही दादा. वाचनालयात साडेपाच वाजायचे, इथे वाजतच नाहीत. कालपासून चार वेळा हे पत्र लिहायला घेतलं, आणि दर वेळी काय निमित्त काढावं ते सुचेना. म्हणून निमित्ताशिवायच लिहिते. तू ये. वहिनींना घेऊन ये. खोली लहान आहे, गादी एकच आहे, आणि काम काहीही नाही. माझं काही बिघडलेलं नाही, दुरुस्त करायचंही काही नाही. तुम्ही यावं असं वाटतंय.

गुडघ्यांना विचारून उत्तर दे. आजवर लोभ मागत होते, आता सोबत मागतेय.
ठकू


ता. २५ जून

चि. ठकूस,
आ. गुरुवारी सकाळच्या गाडीनं दोघं येतो. चार दिवस राहू, हाकललंस तर तीन. स्टेशनवर यायची तसदी घेऊ नकोस असं लिहिणार होतो. पण ये.
दादा