नाकावर टिच्चून किडे

३ ऑगस्ट, रविवार
सूड घेणार. आज सोसायटीत त्रिविक्रमचा पक्षी-वॉक झाला. हा आमच्या समोरच्या फ्लॅटमधला. गळ्यात दुर्बीण, जिभेवर खडीसाखर. एका पक्ष्याबद्दल मला विचारलं. मी म्हटलं कावळा. कोकीळ निघाला. त्यावर आमचा ईशान, वय सहा, सगळ्यांसमोर म्हणाला, माझ्या बाबाला काहीच येत नाही, त्रिविक्रम अंकलना सगळं येतं. पोटचा पोरगा! अर्थात दोष त्याचा नाही, त्याला फूस आहे. याच महिन्यात त्याच्या तोंडून वदवून घेणार, माझा बाबा भारी.

५ ऑगस्ट, ऑफिस, मीटिंग चालू
ठरलं. किडे! पक्षी उडून जातात, किडे कुठे जाणार? मुलांसाठी किडे-शोध संच करतो. चित्रांची कार्डं, भिंग, टिक करायची यादी, सगळे सापडले की बॅज. वॉक २४ तारखेला. मी कमिटीवर असल्यामुळे परवानगी मीच मागितली, मीच दिली.

१० ऑगस्ट
कार्डं लिहिली. 'शेणकिडा: दुसऱ्याचं गोळा करतो आणि आपलं म्हणून ढकलत फिरतो.' 'नाकतोडा: सकाळी सकाळी उगाच उड्या.' शास्त्रीय माहिती आहे. नाकतोड्याला त्रिविक्रमची मिशी आणि चष्मा काढला. मुग्धा म्हणाली, ही पोरांची कार्डं आहेत की पोलीस तक्रार? बायको असून हे बोलणं. चष्मा खोडायला लावला. मिशी वाचवली.

१३ ऑगस्ट
सुट्टी टाकून इथल्या, म्हणजे कानडी मुलखातल्या, शिवाजीनगरला गेलो, भिंगं आणली. येताना मारतहळ्ळीपर्यंत ट्रॅफिकने जीव काढला. ईशानने भिंगातून माझं नाक पाहिलं आणि हसला. प्रगती आहे.

१८ ऑगस्ट
लिफ्टमध्ये त्रिविक्रम. म्हणाला, सर, कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात मी मुद्दाम गवत आणि कढीपत्ता वाढू दिलाय, फुलपाखरांच्या अळ्या खूप आहेत, मुलांना तिकडेच न्या, मी मध्ये येणार नाही. केवढा हा डाव! म्हणजे वॉक माझा आणि किडे याचे? उद्या सगळे म्हणणार, त्रिविक्रम होता म्हणून झालं. बघतोच.

१९ ऑगस्ट
कमिटीच्या ग्रुपवर टाकलं: मागे जंगल माजलंय, डास, डेंग्यूचा धोका, तातडीने फवारणी हवी. पटापट अंगठे आले. फॅसिलिटी मॅनेजर नागराजचा फोन. सर, स्वल्प थांबूया का, रविवारी मुलांचं आहे ना? मी म्हटलं, आरोग्याशी तडजोड नाही. सरी सर, म्हणाला, म्हणजे कानडीत ठीक आहे. बाकी बागेत किडे चिक्कार आहेत. आणि ते माझे आहेत.

२२ ऑगस्ट
कोपरा साफ! त्रिविक्रम तिथे उभा राहून नुसता बघत होता. तोंड एवढंसं झालेलं. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.
संध्याकाळी: नागराजचा फोन. मशीन आणलंच होतं, एका कोपऱ्यात मारून डास जात नाहीत, म्हणून सगळ्या कंपाउंडमध्ये मारलं. खूश होता बिचारा. मी थँक्यू म्हटलं. किडे चिवट असतात. दोन दिवसांत परत येतील.

२४ ऑगस्ट, रविवार
आले नाहीत.
पोरं नवीकोरी भिंगं घेऊन फिरली. मुंगीसुद्धा नाही. मी झाडं हलवली, कुंड्या उचलल्या, ड्रेनेजचं झाकण उघडलं. जे सापडलं ते पाय वर करून पडलेलं. एका मुलीने भोकाड पसरलं. पालक मोबाईलमध्ये. त्रिविक्रम गुडघ्यांवर बसून माझ्यासाठी किडे शोधत होता! हलकट माणूस. एवढा चांगुलपणा कोणी करतं का?
पण यादी पूर्ण भरली ती फक्त ईशानने. नाकतोडा, शेणकिडा, सगळ्यांवर टिक. शेवटी रक्त माझं आहे. बॅज मी स्वतः लावला, टाळ्याही मीच सुरू केल्या. आमचं कौतुक बघून मुग्धा दुसरीकडे बघायला लागली.
घरी आल्यावर ईशानला विचारलं, नाकतोडा कुठे दिसला रे?
म्हणाला, नाही दिसला.
शेणकिडा?
काहीच नाही दिसलं, बाबा.
मग सगळीकडे टिक का केलंस?
तू रडशील असं वाटलं, म्हणाला.