चाखलेलं मोजलं तेव्हा

प्रिय बारक्या,

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून पत्र लिहायला बसले. दुपारची भट्टी थंड होतेय, काउंटरवर तुझे भावोजी आहेत, तेव्हा अर्धा तास माझा आहे. तूही अर्धा तास काढ. अर्धं वाचून गिऱ्हाईक आलं म्हणून उठू नकोस.

गेल्या वर्षी माझा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सहा पूर्णांक तीन आला, हे तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून मधुमेह झालेला नाही, पण तुम्ही अगदी उंबरठ्यावर आहात. इथून मागे फिरता येतं, उशीर केलात तर अवघड. मला लगेच बाबा डोळ्यांसमोर आले. डाव्या पायाची तीन बोटं काढल्यावर शेवटची चार वर्षं स्टुलावर बसून पीठ मळणारे बाबा. त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की मागे फिरायचं.

पाव विकणारी बाई पाव खाणार नाही, यावर गल्लीभर चेष्टा झाली. समोरचा घड्याळवाला म्हणाला, मग आजपासून मीही लोकांना वेळ विचारत फिरतो. फिर म्हटलं. सकाळी दोन अंडी आणि पालेभाजी, दुपारी वाटीभर उसळ, काकडी, कधी मासा, कधी चिकन, भूक लागली तर मूठभर शेंगदाणे. पाव, बटाटा, साखर बंद. भात दोन चमचे, तोही रोज नाही. चहा बिनसाखरेचा. पहिला आठवडा मी इतकी खेकसत होते, की भावोजी जेवणाचं ताट घेऊन गच्चीत जाऊन बसायचे. पण मी डगमगले नाही.

तीन महिन्यांनी आकडा आला सहा पूर्णांक दोन. एवढं सगळं करून एका दशांशाचा फरक. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले, बारक्या. आहार सांगणाऱ्या बाईंनी परत परत विचारलं, आणखी काही खाता का? मी शपथेवर सांगितलं की पावाचा एक घाससुद्धा खाल्लेला नाही. मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं.

चूक पकडली ती भावोजींनी. एक दिवस मला न सांगता त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा घेतला. मी ट्रेमधून जेवढा तुकडा मोडून तोंडात टाकला, तेवढाच तुकडा ते गुपचूप त्या डब्यात टाकत गेले. साधा पाव, गोड बन, केकची कड, बिस्किटाचा कोपरा. दुपारी दुकान बंद झाल्यावर त्यांनी तो डबा माझ्यासमोर वजनकाट्यावर उपडा केला. तीनशे दहा ग्रॅम. म्हणजे मोठा पाव जवळजवळ पाऊण संपलेला, आणि मी म्हणत होते सकाळपासून अंड्यांवर आहे.

आधी मी त्यांच्यावरच चिडले. मग बाबा आठवले. आपल्या घरात चाखणं हे कधी खाण्यात धरलंच नाही, नाही का? चाखल्याशिवाय ट्रे बाहेर जायचा नाही, हा बाबांचा नियम. अकरा ट्रे चाखून झाल्यावर बाबा दोन वाजता आईला म्हणायचे, वाढ लवकर, सकाळपासून पोटात काही नाही. आई बिचारी घाईघाईने वाढायची. डॉक्टरांपुढेही ते हेच सांगत राहिले असणार, आणि अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवसापासून मी चाखणं सोडलं. पाव सोडणं याच्यापुढे काहीच नव्हतं. हात आपोआप ट्रेकडे जायचा. शेवटी मी एका हातात कायम फडकं धरायला लागले. चवीचं काम भट्टीवरचे काका आणि काउंटरवरची पोरगी यांनी वाटून घेतलं, दोघांना दिवसाला दोन-दोन तुकडे, जास्त नाही. पंधराच दिवसांत घोटाळा झाला. एका घाण्यात मीठच पडलं नाही, त्या ट्रेचा तुकडा कुणी तोंडात टाकला नाही, आणि चाळीस पाव परत आले. रोज पाव नेणाऱ्या मास्तरीणबाईंनी तर पाव काउंटरवर ठेवून विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना? काका माझ्याकडे बघत राहिले. आता तरी चाखाल, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. मी नाही चाखलं. दुसऱ्या दिवसापासून मीठ एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने बघून पिठात टाकायचं, असं ठरवलं. पावाच्या बुडाला टिचकी मारून, फोडून, वास घेऊन कळतं की तो नीट झालाय. ते मला येतच होतं, विश्वास नव्हता. तेव्हापासून एक पाव परत आलेला नाही. मागच्या आठवड्यात माझा आकडा पाच पूर्णांक आठ आला. निरोगी माणसाचा आकडा पाच पूर्णांक सातच्या खाली असतो, म्हणजे अजून थोडं राहिलंय. राहू दे, तेही करेन.

आता मुद्द्याचं. परवा तुझ्या बायकोचा फोन आला. तुझ्या बेकरीतल्या यीस्टच्या डब्यांमागे तिला तुझा रिपोर्ट सापडला, दोन महिन्यांपूर्वीचा. सहा पूर्णांक चार. तू तिला सांगितलं नाहीस, मलाही नाही. मी तुला रागावणार होते, पण मग आठवलं की तू बाबांच्या भट्टीवर कामाला आलास त्या पहिल्या दिवशी तुला गोड नको होतं. तू बनचा तुकडा परत ट्रेमध्ये ठेवलास. बाबा पुढच्या ट्रेकडे वळले. मीच सगळ्यांसमोर तो तुझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाले, चाखत नाही तो या घरचा नाही. वीस वर्षं तू माझं ऐकलंस. आता एकदा आणखी ऐक. सोमवारी पहिल्या गाडीने मी येतेय. डॉक्टरांची वेळ तुझ्या बायकोने घेतली आहे; त्यांना विचारूनच काय ते खाणं ठरवू, मनाने काही करायचं नाही. दुकान बंद ठेव. नाही ठेवलंस तर मी काउंटरसमोर ठाण मांडून बसेन आणि गिऱ्हाइकांना तुझा रिपोर्ट वाचून दाखवेन, तू मला ओळखतोस. आणि उद्याचा पहिला ट्रे न चाखता बाहेर जाऊ दे. तू याच घरचा आहेस. बाबांना काय उत्तर द्यायचं, ते मी देईन.

तुझीच,
ताई