दिवे कोणी बसविले, हे न सांगण्याबाबत

दिनांक : ९ जानेवारी २०२५

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी साहेब,
वाहन तपासणी कक्ष, लोहा विभाग.

अर्जदार : व्यंकटराव नरहरी टेकाळे, वय ६३, धंदा शेती, रा. खडकवस्ती, ता. कंधार, जि. नांदेड.

विषय : जुन्या जीपला जादा दिवे बसविणाऱ्या कारागिराचे नाव न देण्याबाबत.

संदर्भ : आपली दि. २ जानेवारीची नोटीस, मुद्दा क्र. १ व २.

महोदय,

नोटीस पावली. तिच्यात दोन मुद्दे आहेत. पहिला, जीपचे जादा दिवे काढून गाडी दाखवावी. दुसरा, ते दिवे बसविणाऱ्याचे नाव व दुकानाचा पत्ता सोबतच्या फॉर्मात लिहून द्यावा. पहिला मुद्दा अर्जदारास मान्य आहे. दुसरा मान्य नाही. का नाही, ते सविस्तर मांडण्यासाठी हा अर्ज.

१. अर्जदाराकडे सन १९९३ ची डिझेल जीप आहे. तिचे मूळचे दिवे म्हणजे समई. उजेड देतात, पण स्वतःपुरता. खडकवस्तीला सडक नाही. कंधारचा रस्ता सोडला की चार किलोमीटर दगडगोट्यांची गाडीवाट आणि मध्ये दोन ओढे. वस्तीचा दवाखाना, बाजार, लग्न, मयत सगळे याच जीपमधून होते. शिवाय वस्तीचे भजनी मंडळ आसपासच्या गावांच्या सप्ताहांना याच गाडीने जाते. अर्जदार स्वतः टाळकरी आहे. कीर्तन म्हटले की त्यास भरल्या ताटावरून उठवले तरी राग येत नाही, आणि चांगल्या बुवांचे निरूपण ऐकताना डोळे भरून आले तर तो पुसायच्या भानगडीत पडत नाही.

२. नोव्हेंबर २०२३ मध्ये काकड्याला जाताना धुक्यात पुढचे काही दिसेना. पाइपलाइनसाठी कोणी तरी वाट आडवी खणून ठेवली होती. जीप सात टाळकऱ्यांसह चरात गेली. पखवाजाची पुडी फाटली आणि सिद्धम्मा या सत्तरीच्या बाईंचे मनगट मोडले. सिद्धम्मा मूळ उदगीरकडच्या. मंडळात चाल त्याच उचलतात. त्या दिवशी हात गळ्यात बांधून त्यांनी काकडा पुरा केला, ही गोष्ट वेगळी.

३. त्यानंतर एका रविवारी दुपारी एक कारागीर आला. जीपचे दिवे लावून पाहिले, हसला, आणि पुढच्या गार्डवर दोन दिवे बसवून गेला. वेगळी वायर, वेगळे बटण, बोल्ट असे कसले की गाडी मोडेल पण दिवा हलणार नाही. मजुरी विचारली तर म्हणाला, "गाडीत कीर्तन बसून जातंय ना काका? मग मजुरी कशाची? फक्त माझं नाव कुठं घेऊ नका." अर्जदाराने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून शब्द दिला. साहेब, सगळा मामला एवढ्या एका शब्दावर उभा आहे.

४. हे दिवे मोठ्या रस्त्यावर कधी लागले नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड मारणे हे पाप आहे, इतके अर्जदारास नियमाचे पुस्तक न वाचताही कळते. अर्जदाराची पत्नी सौ. सरजाबाई हिने निळ्या ताडपत्रीच्या दोन टोप्या शिवल्या आहेत, नाडीसकट. गाडीवाट लागली की टोप्या काढायच्या, रस्ता लागला की घालायच्या. दि. २७ डिसेंबर रोजी भर दुपारी लोहा रस्त्यावर आपल्या निरीक्षक साहेबांनी जीप अडवली तेव्हाही टोप्या घातलेल्याच होत्या. ते म्हणाले, "काय हो काका, दिव्यांना कुंची घालून बारशाला निघालात का?" अर्जदारही हसला. विनोद चांगला होता.

५. पुढचे मात्र हसण्यासारखे नव्हते. निरीक्षक साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितले, "तुमच्यासारख्या माळकरी माणसाला कशाला त्रास द्यायचा? फिटरचं नाव सांगा अन् जा, दिव्याबद्दल एक शब्द बोलत नाही. त्याचं दुकान बंद केलं की तालुक्यातल्या साऱ्या जीपा गुमान होतील." अर्जदार म्हणाला, "साहेब, माळ घातलीय म्हणूनच सांगत न्हाई." म्हणजे ज्याच्या गाडीला दिवे आहेत तो सुटणार, आणि ज्याने लोकांचे हातपाय मोडू नयेत म्हणून ते फुकट बसवले त्याच्या चुलीत पाणी पडणार. असला सौदा अर्जदारास जमत नाही. सोबतच्या साहेबांनी दिवे तिथेच खोलायला घेतले. पाऊण तास पाना फिरवला, घाम आला, एक बोल्ट हलला नाही. तेव्हा नोटीस पाठवतो म्हणून गेले.

६. आता फॉर्माबद्दल. यात अर्जदाराची एक चूक झाली, ती कबूल आहे. नोटीस सर्वांना कळावी म्हणून अर्जदाराने ती फॉर्मासह देवळाच्या सभामंडपात चिकटवली. वस्तीचा सप्ताह जवळ आला आहे, त्यामुळे शेजारीच वीण्याच्या पहाऱ्याची यादी लावलेली होती. साहेबांना ठाऊक असेलच, सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचे दोन तास झाले की दुसरा ती गळ्यात घेतो. ज्याला पहारा करायचा त्याने यादीत नाव लिहायचे. सिद्धम्मांना अक्षर येत नाही. त्यांनी रिकामी जागा पाहिली, ही यादीच समजल्या, आणि "दिवे बसविणाऱ्याचे नाव" या रकान्यात अंगठा उठवला.

७. अर्जदार धावत गेला. "सिद्धम्मा, ही यादी न्हाई, ही नोटीस हाय. तुम्ही दिवे बसवले असं झालं की हो!" त्या शांतपणे म्हणाल्या, "झालं तर झालं. दिला अंगठा मागं घेऊन राहिली का मी कधी? वीणा गळ्यात आली, आता खाली कशी ठेवू? माझा पहारा संपला की दुसरा घेईल."

दुसरा लगेच उभा राहिला. आनंदराज हे वस्तीतले निवृत्त पोस्टमन, देवळाबाहेर पारावर बसलेले. ते म्हणाले, "मी तुमच्या देवळात येत न्हाई, वीण्याला हात लावत न्हाई, समद्यांना म्हाईत हाय. पण माझी माय महामाया याच दिव्यांच्या उजेडात कंधारच्या दवाखान्यात पोचली अन् चालत घरी आली. आण तो पेन इकडं." त्यांनी टपालातल्या सुवाच्य अक्षरात लिहिले, उजवा दिवा मी बसविला. मग रांगच लागली. रकाना भरला, समास भरला, कागद उलटला. एकूण सोळा नावे झाली. त्यांत खरे नाव आहे की नाही, हेही अर्जदार सांगणार नाही.

८. भरलेला फॉर्म अर्जदाराने सोमवारी आपल्या कार्यालयात दिला. तेथील लिपिक साहेब तो वाचून म्हणाले, "सोळा जण? यातल्या एकाला तरी पाना धरता येतो का?" अर्जदाराने ही गोष्ट वस्तीत सांगायला नको होती. सिद्धम्मांना ती फार लागली.

९. तेव्हापासून रोज हरिपाठ झाला की देवळासमोर जीप उभी राहते आणि शिकवणी चालते. आधी वायर सोडवायची, मग बोल्ट, मग दिवा. परत उलट्या क्रमाने चढवायचे. पहिल्या दिवशी आनंदराजांनी बोट चेंगरून घेतले, पण हटले नाहीत. आज सोळाच्या सोळा जण दोन्ही दिवे काढून पुन्हा बसवतात. बहुतेकांना वीस मिनिटे लागतात. सिद्धम्मांना, मोडून सांधलेल्या मनगटासह, सतरा. शिकवले कोणी, हे साहेबांनी विचारू नये. फॉर्मात तसा रकाना नाही.

१०. एकदा बुवांनी कीर्तनात सांगितले होते की, पणती कोणी लावली हे अंधार विचारतो, वाटसरू विचारत नाही. अर्जदार कमी शिकलेला आहे, पण तेव्हापासून त्याने कोणत्याही उजेडाला नाव विचारलेले नाही. या वयात सवय बदलणार नाही.

११. तरी विनंती अशी की, मुद्दा क्र. २ रद्द करावा. जी काय कारवाई असेल ती एकट्या अर्जदारावर करावी. ती लेखी झाली तर अर्जदार तक्रार करणार नाही. आरसी बुक अस्सल, झेरॉक्स नव्हे, सोबत जोडले आहे. परत मिळाले तर उपकार. नाही मिळाले तर जीप देवळापुढे उभी राहील आणि भजनी मंडळ चालत जाईल. नाव मात्र मिळणार नाही. आज नाही, हाताला धरून विचारले तरी नाही.

१२. मुद्दा क्र. १ प्रमाणे गुरुवार, दि. १६ जानेवारी रोजी सकाळी दहा वाजता जीप आपल्या आवारात हजर राहील. सोबत सोळा जण येतील, प्रत्येकाच्या हातात आपापला पाना असेल. आपण खुर्ची टाकून बसावे. प्रत्येकजण आपल्यासमोर दिवे काढेल आणि पुढच्यासाठी चढवेल. कोणाचा हात सराईत वाटतो ते आपणच पाहावे आणि ओळखता आले तर ओळखावे. शेवटचा पहारा सिद्धम्मांचा. त्या दिवे काढून, निळ्या टोप्या घालून, आपल्या टेबलावर ठेवतील. ते आपण ठेवून घ्यावेत.

एवढेच लक्षात असू द्यावे, साहेब. नोटीस येण्याआधी या भागात जुन्या जीपला दिवे बसविणारा एक माणूस होता. आता एकट्या खडकवस्तीत सोळा आहेत, आणि परवापासून शेजारच्या वस्तीचे लोकही शिकायला येऊन राहिलेत.

आपला नम्र व आज्ञाधारक
(मुद्दा क्र. २ सोडून),

सही/-
व्यंकटराव नरहरी टेकाळे

सोबत :
१) आरसी बुक, अस्सल.
२) सोळा जणांच्या फॉर्माची प्रत, दोन्ही बाजू.
३) ताडपत्रीची टोपी, नग एक, नमुन्यादाखल. (सरजाबाईचे म्हणणे, ही मात्र परत यावी.)
४) खडकवस्ती सप्ताहाची पत्रिका. काल्याच्या कीर्तनाला साहेबांनी व निरीक्षक साहेबांनी यावे. चार किलोमीटर वाट खराब आहे; कळवल्यास घ्यायला माणूस पाठवू.